अंतर्गृही पुष्पवनस्पतींसाठी सेंद्रिय पालाशयुक्त खतांची निवड : खानदेशाच्या संदर्भात

प्रस्तावना :
२०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगाव केळीच्या या प्रदेशात केळीची साल, खोड आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांची राख सहज उपलब्ध होते. ही सर्व द्रव्ये पालाशयुक्त आहेत. त्यामुळे धरणगाव परिसरात घरातील कुंड्यांसाठी ती वापरण्याचा मोह स्वाभाविक आहे. तथापि, शेतात उपयुक्त ठरणारे खत कुंडीतही उपयुक्त ठरतेच असे नाही.

पालाशाचे कार्य :
नत्र व स्फुरद यांप्रमाणे पालाश वनस्पतीच्या सेंद्रिय संयुगांचा घटक बनत नाही. तो पेशीरसात आयनरूपाने राहतो. पर्णरंध्रांची उघडझाप, विकरांचे कार्य आणि पानांतील शर्करेचे कळ्यांकडे होणारे वहन यांसाठी तो आवश्यक असतो. मात्र तो फुलोरा सुरू करीत नाही. ते कार्य प्रामुख्याने प्रकाश, तापमान व वनस्पतीचे वय यांवर अवलंबून असते. पालाशाच्या कमतरतेची खूण म्हणजे जुन्या पानांच्या कडा प्रथम करपणे.

उपलब्ध स्रोत :
१) राख : राखेतील पालाश मुख्यतः कार्बोनेटच्या रूपात असल्याने पाण्यात त्वरित विरघळतो, परंतु राख अल्कधर्मी असते. खानदेशातील काळी माती व विहिरींचे पाणी बहुधा आधीच अल्कधर्मी असते. सामू आणखी वाढल्यास लोह उपलब्ध होत नाही व कोवळी पाने पिवळी पडतात. अँथुरियम, पीस लिली व आफ्रिकन व्हायोलेट यांना किंचित आम्लधर्मी माध्यम मानवते; म्हणून त्यांना राख देऊ नये.

२) केळीची साल : आयनरूपातील पालाश सालीतून पाण्यात सहज उतरतो. मात्र कच्ची साल पुरल्यास चिलटे व दुर्गंधी निर्माण होते, तसेच भिजवलेल्या पाण्याची तीव्रता अनिश्चित राहते. पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत अधिक सुरक्षित ठरते.

३) मळीजन्य पालाश : मद्यार्क प्रकल्पांतील सांडपाण्याच्या राखेपासून बनणाऱ्या या खतात किमान १४.५ टक्के पालाश (ऑक्साइडरूपात) असतो. मूलद्रव्य म्हणून तो सुमारे १२ टक्के भरतो. २०२१ मध्ये केंद्र शासनाने यास अनुदान योजनेत समाविष्ट केले. शेतासाठी ते उपयुक्त असले, तरी लहान कुंडीसाठी ते तीव्र असते.

४) समुद्रशैवालाचा अर्क : यात पालाश अल्प असतो, म्हणून त्यास पूरक मानावे.

वापर :
कुंडीतील मर्यादित मातीत क्षार साचतात, तसेच अतिरिक्त पालाशामुळे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे शोषण रोखले जाते. म्हणून कळ्या दिसू लागल्यावर पातळ मात्रेने प्रारंभ करावा. ओल्या मातीतच खत द्यावे आणि अधूनमधून तळाच्या छिद्रातून वाहेल इतके पाणी देऊन क्षार धुवून काढावेत. शक्य असल्यास पावसाचे पाणी वापरावे.

निष्कर्ष :
पालाश जवळपास सर्वच स्रोतांतून सहज मिळतो. निवड करताना पालाशासोबत कुंडीत आणखी काय येते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. खानदेशातील अल्कधर्मी पाण्याचा विचार करता, राखेपेक्षा केळीच्या अवशेषांचे कुजलेले कंपोस्ट हा अंतर्गृही पुष्पवनस्पतींसाठी अधिक योग्य पर्याय ठरतो. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात असेल, तर मात्र खत बदलण्यापूर्वी तिची जागा बदलणे आवश्यक आहे.