दोष निबेचा नव्हता

माझ्या वडिलांच्या मेजाला उजव्या हाताशी एक उथळ खण आहे. त्यात जुन्या धोतराच्या घडीवर एकोणीस शाईची पेने ओळीने ठेवलेली असतात आणि मागच्या बाजूस शाईच्या सात दौती. आम्ही वडिलांना अण्णा म्हणतो. कोषागारातील नोकरीत त्यांनी ३४ वर्षे शाईने आकडे लिहिले. निवृत्तीनंतर घरखर्चाची वही, किराण्याची यादी, दुधाचा हिशेब, नातवंडांना वाढदिवसाची पत्रे हे सारे शाईनेच चालू राहिले. पेने नुसती जपून ठेवणे त्यांना मान्य नाही. घरात आलेले प्रत्येक पेन कामाला लागलेच पाहिजे, हा त्यांचा दंडक. सोमवारी एक, मंगळवारी दुसरे, अशी त्यांनी पाळी लावलेली असते.

या एकोणीसपैकी अकरा पेने अवघ्या सव्वा वर्षात आली. ती का आली, हे कळायला मला फार उशीर झाला. आणि मी तर डॉक्टर.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. अण्णा तेव्हा ७७ वर्षांचे होते. “या निबेतून शाई मोकळी उतरत नाही, अक्षर आवळल्यासारखे येते,” असे ते एके दिवशी म्हणाले. मी निब धुऊन दिली. आठवड्याने पुन्हा तीच तक्रार. मग शाई बदलली, कागद बदलला, पुढे पेनच बदलले. कामासाठी पुण्याला गेलो की येताना एक पेन आणायचे, असा परिपाठ पडला. नवे पेन आले की दोन-चार दिवस ते खूश असत, मग पुन्हा, “हेही तसलेच निघाले रे.” मलाही त्या खरेदीत आनंद वाटू लागला होता. उतारवयात वडिलांना एक छंद लागला आहे आणि आपण तो पुरवीत आहोत, यापलीकडे माझ्या मनात काही आले नाही.

त्याच काळात त्यांचा उजवा खांदा आखडला होता. मी वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि शेकायला सांगितले. फोडणीतल्या हिंगाचा वास येत नाही, असे ते आईला म्हणत. ते आम्ही हसण्यावारी नेले.

एका पावसाळ्यात विहिरीच्या पंपाची जुनी पावती शोधताना त्यांची खर्चाची वही माझ्या हाती आली. सहज मागची पाने चाळत गेलो. दीड वर्षापूर्वीच्या पानावर अक्षर टपोरे, ओळीची उंची भरून काढणारे. सहा महिन्यांनंतरच्या पानावर ते खाली उतरलेले, आणि ताज्या पानावर मुंगीएवढे. त्याहून बोलकी गोष्ट प्रत्येक ओळीत होती. ओळीचा आरंभ बरा, आणि उजवीकडे जाता जाता अक्षर बारीक होत गेलेले. दरम्यान पेन अकरा वेळा बदलले होते, शाई निळ्याची काळी झाली होती. अक्षराचा उतार मात्र न थांबता चालू होता. मी मान वर केली. अण्णा अंगणातून घराकडे येत होते. चालताना त्यांचा डावा हात हलत होता. उजवा अंगाशी चिकटून होता.

लंडनमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये ज्या विकाराचे वर्णन लिहून ठेवले आणि ज्याला आपण कंपवात म्हणतो, त्याची ही चिन्हे. नावात कंप असला तरी पुष्कळ रुग्णांत अक्षर आक्रसणे हे हात थरथरू लागण्याच्या आधी दिसते. वास न येणे, एका बाजूचा खांदा आखडणे, चालताना एक हात न हलणे हीही त्याच कुळातली लक्षणे. ही सारी माझ्या पाठ्यपुस्तकात होती, परीक्षेत मी ती लिहिलीही होती. घरात ती सुटी सुटी आली आणि मी प्रत्येकाला सुटे उत्तर दिले. मेंदूविकारतज्ज्ञांनी अण्णांना खोलीत चालायला लावले, बोटे एकमेकांवर आपटायला सांगितली, कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या आणि निदान सांगितले.

घरात वृद्ध माणूस असेल आणि ते नित्य काही लिहीत असतील, तर दर दोन-तीन महिन्यांनी जुने आणि नवे पान शेजारी ठेवून पाहावे. निदान करण्याच्या फंदात पडू नये. फरक दिसला तर दोन्ही पाने घेऊन डॉक्टरांकडे जावे. बारीक होत जाणारे अक्षर हा एक प्रकार झाला. काही कुळांत हाताच्या थरथरीचा विकार पिढ्यान्पिढ्या चालत येतो; त्यात हात कामाच्या वेळी थरथरतो, कपातला चहा सांडतो, आणि अक्षर बारीक न होता वेडेवाकडे, नागमोडी होते. तो कंपवात नव्हे आणि त्याची औषधेही निराळी. काही वेळा दोष केवळ चष्म्याच्या क्रमांकाचा असतो. परंतु काल सरळ लिहिणाऱ्या माणसाला आज अकस्मात आपले नाव लिहिता येईना, पेन बोटांतून निसटू लागले किंवा शब्द जुळेनात, तर पेन तपासत बसू नये, पक्षाघाताची शंका घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

अण्णांना गोळ्या सुरू झाल्या. खांदा मोकळा झाला, चाल सुधारली, अक्षर थोडे उघडले. भौतिकोपचार करणाऱ्या ताईंनी त्यांना दीड-दीड सेंटिमीटर अंतरावर आखलेल्या ओळींचे कागद दिले आणि “आजोबा, दोन्ही ओळींना अक्षर टेकले पाहिजे” एवढेच सांगितले. आपण होऊन लहान होणारे अक्षर डोळ्यांपुढे आखीव रेषा असल्या की पुष्कळ रुग्णांना मोठे काढता येते. अण्णांना हे फारच रुचले. लहानपणी शाळेत बोरूने कित्ता गिरवलेला हात तो. “सत्तर वर्षांनी पुन्हा पहिलीत,” असे म्हणत ते रोज सकाळी पान भरू लागले. आणि मग त्या अकरा पेनांचे काय करायचे, हा प्रश्न आपोआप सुटला.

वृद्ध हातांना शाईचे पेन मानवते, ते केवळ आठवणींमुळे नव्हे. बॉलपेनच्या टोकाशी गोळी असते. ती फिरावी म्हणून पेन बरेचसे उभे धरून कागदावर दाबावे लागते. शाईच्या पेनाला दाब नको असतो. निबेच्या मधोमध जी चीर असते तिच्यातून शाई केशाकर्षणाने आपण होऊन कागदाकडे ओढली जाते, आणि निबेखालच्या काळ्या जिभेतील बारीक खाचांतून तेवढीच हवा आत जाते. ही शाई-हवेची देवघेव नीट जमवणारे पेन लुई वॉटरमन यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत पेटंट करून घेतले. आजच्या पेनातही तत्त्व तेच आहे. पेन तिरके पडू द्यावे, त्याच्या स्वतःच्या वजनाने ते चालते. अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा झिजला की चिमटीत धरून दाबणे हीच वेदना असते. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी या दुखण्यापायी रोजनिशी बंद केली होती. जाड घेराचे, हलके, शाईचे पेन घेतल्यावर त्या रोज अर्धे पान लिहू लागल्या. अर्धेच, त्यानंतर अंगठा दुखतोच, हेही त्या सांगतात.

मात्र ज्यांचा हात जोराने थरथरतो त्यांची निब कागदात अडकते, आणि ज्यांना दाबून लिहिण्याची जन्माची सवय आहे त्यांच्या हाती निबेची दोन टोके फाकतात. त्यांनी मऊ चालणारे जेल पेन वापरावे, त्यात कमीपणा नाही. आणि शाईच्या पेनाने लिहिल्यास विस्मरणाचा रोग टळतो, असे कुणी सांगून महागडे पेन विकू लागला तर त्याला नमस्कार करून पुढे जावे. रोज काही लिहावेसे वाटणे, त्यासाठी उठून मेजाशी बसणे, बोटे चालवणे एवढा लाभ मला पुरेसा वाटतो.

पेन घेताना किमतीकडे न पाहता घेर पाहावा. अंगठा आणि तर्जनी सैल राहतील इतके जाड, आणि टोपण मागे न लावताही हातात बसेल इतके लांब असावे. आटे असलेले टोपण दुखऱ्या बोटांना फिरवणे जड जाते. ओढून निघणारे सोयीचे. अण्णांचे आवडते पेन एबोनाइटचे, म्हणजे कडक केलेल्या रबराचे आहे. ते धातूसारखे गार लागत नाही आणि घामाने निसटत नाही. आंध्रातील राजमहेंद्रीला अशी पेने हाताने घडवण्याची जुनी परंपरा आहे. तेथील रत्नम यांनी पाठवलेले स्वदेशी पेन वापरून पाहून गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याहून त्यांना आभाराचे पत्र लिहिले होते. ड्रॉपरने सरळ नळीत शाई भरण्याच्या अशा पेनांची एक खोड मात्र ध्यानात ठेवावी. शाई तळाला आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून थेंब टपकतो. पाव भाग उरला की भरून घ्यावे.

शाईविषयी किती सांगू! आपल्याकडे बाळगुटीत जे मायफळ उगाळतात, ती ओकच्या जातीच्या झाडावर कीटकामुळे आलेली गाठ असते. युरोपात शतकानुशतके हिराकस आणि अशाच गाठींचा तुरट अर्क एकत्र करून शाई करीत. ती लिहिताना फिकी असते आणि हवा लागली की काळी पडते. जुन्या निळ्या-काळ्या शाईचे हेच रहस्य. आपल्या पोथ्यांची शाई निराळी, दिव्याची काजळी आणि डिंक यांची. अण्णांच्या लहानपणी शाईची पुडी किंवा गोळी पाण्यात विरघळवून दौत भरत. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये ‘हॉर्स ब्रँड’ नावाने अशाच पुड्या आणि गोळ्या करायला आरंभ केला, त्याचीच पुढे कॅम्लिन झाली.

डोळ्यांच्या दृष्टीने शाईचा रंग महत्त्वाचा. वयोमानाने डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश अडवू लागते. म्हणून मोतीबिंदू असलेल्यांना फिकी निळी शाई मळकी, करडी दिसते. त्यांनी काळी किंवा गर्द निळी-काळी घ्यावी, आणि कागद चकाकणारा नसावा. आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा पट्टी निघाल्यावर चौथ्या दिवशी किराण्याची यादी हातात धरून तिने अण्णांना विचारले, “शाई नवी आणली होय?” शाई तीच होती, आठ वर्षांची जुनी बाटली.

आमच्या घरी सकाळचा रक्तदाब निळ्याने आणि संध्याकाळचा हिरव्याने लिहितात. वही उघडताच मला दोन रांगा वेगळ्या दिसतात. कोणती वेळ चढी आहे ते वाचण्याआधीच कळते. रुग्णांच्या चिठ्ठ्या मात्र मी बॉलपेननेच लिहितो. पाण्याने जाणाऱ्या शाईत लिहिलेल्या औषधाच्या मात्रेवर पावसाचा एक थेंब पडला, तर पाच आणि पन्नास यांतला भेद उरत नाही. धनादेशावर आणि मृत्युपत्रावरही न धुतली जाणारी शाईच हवी. अण्णांची सही बदलल्याने त्यांचा एक धनादेश बँकेतून परत आला तेव्हा ते दिवसभर बोलले नाहीत. अशा वेळी बँकेत नमुना सही नव्याने नोंदवता येते, आणि सही मुळीच करता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठ्याचा ठसा चालतो. त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. कंपवाताचे निदान होताच हे काम उरकून घ्यावे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या घरात शाईच्या दौती औषधांच्या कपाटात कधीही ठेवू नयेत. जांभळी शाई आणि खोकल्याचे औषध त्यांच्या दृष्टीला सारखेच.

रविवारी सकाळी आम्ही दोघे पेने धुतो. पाणी साधे असावे, गरम नको. त्याने जुन्या पेनांचे भाग वाकतात. एका शाईत दुसरी मिसळायची नाही, आणि चित्रकलेची काळी शाई पेनात घालायची नाही, ती सुकून खाचा बुजवते. निब आणि जीभ मी सोडवतो, अण्णा वाटीतील पाण्यात बुडवून पाणी निवळेपर्यंत हलवतात. या कामाला त्यांना आता तासभर लागतो आणि मी घाई करीत नाही. मागच्या रविवारी धुऊन झाल्यावर त्यांनी अकरांतले पहिले पेन उचलले, आखीव कागदावर आपले नाव लिहिले, पुन्हा लिहिले आणि म्हणाले, “चांगले आहे की रे हे. तेव्हा उगीच नावे ठेवली.” मग त्याला गुरुवारची पाळी दिली.