विद्वत्तेचा ताळेबंद

महाविद्यालयीन अध्यापकाची बढती आणि त्याच्या शोधनिबंधांची संख्या यांची सांगड विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 साली नियमाने घालून दिली. निबंधास गुण, गुणांची बेरीज आणि बेरजेनुसार पात्रता, असा तो हिशेब होता. पुढे नियमांचा तपशील बदलला. मोजण्याची वृत्ती मात्र टिकून राहिली. संशोधकाचे मोल कशावरून ठरवावे, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक अध्यापकाच्या चिंतेचा झाला आहे. त्याचा विचार करताना गिरगावापासून पायी जाता येईल अशा अंतरावर, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि जे. जे. रुग्णालयात झालेले काम डोळ्यांपुढे ठेवणे उद्बोधक ठरेल.

डॉ. नोशीर वाडिया यांनी इंग्लंडमधून परतल्यावर 1957 साली तेथे मज्जाविकारांचा विभाग उभा केला. 1971 साली त्यांनी डॉ. स्वामी यांच्यासह ‘ब्रेन’ या लंडनच्या नामांकित नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. लहान मेंदू व मज्जारज्जू क्षीण होत जाणारे, चालताना तोल घालविणारे आनुवंशिक विकार वैद्यकास तत्पूर्वीच ठाऊक होते. वाडियांनी नऊ कुटुंबांतील रुग्ण तपासताना एक निराळी गोष्ट हेरली. एका वस्तूवरून दुसरीकडे पाहताना निरोगी डोळा क्षणात झेप घेतो. या रुग्णांचा डोळा मात्र संथपणे सरकत जाई. तेवढ्या खुणेवरून त्यांनी हा स्वतंत्र विकार असल्याचे प्रतिपादन केले.

या प्रतिपादनाचा पडताळा येण्यास पाव शतक लागले. 1993 साली क्यूबातील कुटुंबांच्या अभ्यासातून अशाच एका विकाराचे मूळ बाराव्या गुणसूत्रावर असल्याचे दिसले. 1996 साली तीन निरनिराळ्या संशोधक गटांनी ते सदोष जनुक शोधून काढले आणि ‘स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार 2’ ही ओळख पक्की झाली. 1998 साली वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांची जनुकीय तपासणी करून, निदानात त्या मंद नजरेचे महत्त्व किती, हे ‘ब्रेन’मध्येच मांडले. त्या वेळी वाडिया सत्तरी ओलांडून गेले होते.

आता हे काम प्रचलित मापांनी मोजून पाहू. निबंधांची संख्या मोजली, तर 1971 चा निबंध एक. कोणाच्याही गळ्यात न उतरलेला निबंधही एकच. इतरांनी केलेले संदर्भोल्लेख मोजणे हे त्याहून बरे. युजीन गारफील्ड यांनी 1964 पासून विज्ञानातील संदर्भोल्लेखांची सूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तो मुख्यतः संशोधकास हवे ते साहित्य सापडावे म्हणून. पुढे तीच सूची माणसे तोलण्याचा तराजू बनली. 2005 साली हिर्श यांनी सुचविलेल्या निर्देशांकात, ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेख झाला, त्याचा अंक वीस. या मापात एखाद्या युगप्रवर्तक निबंधाने अंक फार तर एकाने वाढतो. शिवाय, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखविल्याप्रमाणे, शोध सर्वमान्य झाला की मूळ निबंधाचा उल्लेख करण्याची गरज कोणास वाटत नाही. यश जितके मोठे, तितकी जमा कमी दिसण्याची ही शक्यता!

दुसरी अडचण विषयनिवडीची आहे. 1971 साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. बहुतेकांचे डोळे लवकर बरे झाले, परंतु काहींच्या पायांतील शक्ती गेली. या दोहोंचा संबंध वाडिया, इराणी व कात्रक यांनी 1972 साली ‘लॅन्सेट’मधून वैद्यकीय जगाच्या निदर्शनास आणला. उल्लेखांच्या बाजारभावावर नजर ठेवणारा संशोधक आपल्या दारच्या रोगाकडे वळेलच, अशी खात्री कोण देईल?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात नवल नाही. मोजमापालाच उद्दिष्ट बनविले की ते विश्वासार्ह राहत नाही, हे चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 साली चलनविषयक धोरणासंबंधात सांगितले होते. अध्यापकांना पैसे घेऊन निबंध छापणारी नियतकालिके आपल्याकडे बोकाळली, ती याच नियमाने. जेथे संख्येला भाव, तेथे संख्येचा पुरवठा होणारच.

मोजणीच्या बाजूनेही बोलता येते, हे मान्य केले पाहिजे. अंकांचा आधार नसेल तर निवड समितीत वशिला शिरतो, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. परंतु त्यावर उपाय आंधळी बेरीज हा नव्हे. उमेदवाराने आपले सर्वोत्तम असे तीन निबंध निवडून द्यावेत. समितीने ते वाचावेत. त्यांच्या आधारे इतरांनी पुढे काय केले हे पाहावे आणि आपला अभिप्राय सकारण लिहून जाहीर करावा. मोजणे स्वस्त आहे आणि वाचण्यास वेळ लागतो, हे खरे. पण नऊ कुटुंबांच्या डोळ्यांकडे पाहण्यासही वेळच लागला होता. तो देण्याची तयारी विद्यापीठांनी दाखविली नाही, तर निबंध वाढत जातील आणि त्या जातीचे संशोधक मात्र आपल्या महाविद्यालयांत दुर्मिळ होतील.