लाकडाचं वय आणि वाद्याचं वय

जुन्या वाद्याच्या पोटात कारागिराच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असते, ती खरी कशावरून मानायची, असं एका वाचकाने विचारलं आहे. ल्यूटच्या बाबतीत हा प्रश्न फार गोड गुंत्याचा आहे.

कलिंगडाच्या फोडींसारख्या पातळ पट्ट्या जोडून केलेली फुगीर पाठ, वर दीड-दोन मिलिमीटर जाडीची स्प्रूसची तबली, असं हे युरोपीय वाद्य. बोलोन्याचा ल्यूट-कारागीर लाऊक्स मालर 1552 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या कारखान्यात हजाराच्या आसपास ल्यूट होती. पुढे 1676 मध्ये इंग्लंडच्या थॉमस मेसने आपल्या ग्रंथात मालरच्या दोन ल्यूटची नोंद केली: दिसायला पार मोडकळीस आलेली, किंमत मात्र प्रत्येकी शंभर पौंड! एवढी किंमत मिळते म्हटल्यावर खोट्या चिठ्ठ्याही निघणारच.

मात्र रूप बदललेलं प्रत्येक ल्यूट बनावट नसतं. मालरच्या काळी सहा जोड तारा पुरायच्या. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये अकरा लागू लागल्या. मग जुनी पाठ जपून तिला रुंद दांडी, नव्या खुंट्या, नवी घोडी बसवली गेली. एक्स-रेमध्ये दांडीच्या ठोकळ्यात खिळ्यांची जुनी, रिकामी भोकं दिसतात. तबलीवर पहिल्या घोडीच्या सरसाचा डाग सापडतो. मला तरी हे डाग चिठ्ठीपेक्षा बोलके वाटतात.

तबलीचं वय सांगतात तिची वर्षवलयं. वलयांवरून लाकडाचं साल काढायची ही विद्या अँड्र्यू डग्लसची. हा अमेरिकन माणूस मूळचा खगोलशास्त्रज्ञ! सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्र झाडांच्या वलयांत उमटतं का, हे शोधायला तो निघाला आणि रुंद-अरुंद वलयांचा क्रम जुळवत 1929 मध्ये अमेरिकेतल्या मूळनिवासी पुएब्लो लोकांच्या घरांच्या तुळयांना साल देऊन बसला. वाद्यांच्या अभ्यासकांनी त्याचं नाव अधिक कृतज्ञतेने घ्यायला हवं.

पण शेवटचं वलय 1610 चं निघालं, तर झाड त्यानंतर तोडलं एवढंच ठरतं. शिवाय तबली पातळ, ताणाखाली दबणारी, म्हणून तीच बरेचदा बदलली जाते. जिच्यासाठी पैसे मोजले जात ती पाठ मात्र अरुंद मॅपलच्या किंवा अ‍ॅशच्या पट्ट्यांची. तिच्यात जुळवण्याइतकी वलयंच मिळत नाहीत. म्हणजे 1610 नंतरच्या तबलीखाली मालरची अस्सल पाठ असू शकते. तिच्यासाठी पट्ट्यांची संख्या, घाट आणि आतल्या सांध्यांवरचे कागदाचे तुकडे पाहावे लागतात.