नव्या रेडिएटरच्या पोटात

संगणक पाण्यानं थंड ठेवण्याचा नाद लागलेली माणसं नवा रेडिएटर आणला की एक चमत्कारिक प्रकार करतात. खोक्यातून काढलेला कोरा करकरीत रेडिएटर कानाशी धरून खुळखुळवतात आणि संगणकाला जोडायचा सोडून थेट मोरीत नेतात. घरच्यांना हे खूळ वाटतं. पण यात रसायनशास्त्र त्यांच्या बाजूनं आहे.

या रेडिएटरची रचना मोटारीच्या जुन्या रेडिएटरसारखीच असते. तांब्याच्या किंवा पितळेच्या चपट्या नळ्या, नळ्यांच्या मधे तांब्याची चुण्या पाडलेली पातळ पत्री आणि दोन्ही टोकांना पितळी टाक्या. हे सगळं सोल्डरनं, म्हणजे मुख्यतः कथलानं, जोडलेलं असतं. तांबं तापलं की त्यावर ऑक्साइडचा काळपट थर चढतो आणि त्या थरावर वितळलेलं कथील पसरत नाही, गोळी होऊन घरंगळतं. म्हणून आधी फ्लक्स लावावा लागतो. या कामाच्या फ्लक्समध्ये बहुधा झिंक क्लोराइड आणि अमोनियम क्लोराइड असतं. यातलं दुसरं म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकायचा तेव्हा पांढऱ्या धुराचा लोट उठायचा. उष्णतेनं नवसागर फुटून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, ते ऑक्साइड खातं आणि उघड्या पडलेल्या धातूला कथील घट्ट धरतं. रेडिएटरच्या कारखान्यात हेच घडतं. फरक इतकाच, की कल्हईवाल्याचा बोळा पातेल्यात सगळीकडे फिरतो; रेडिएटरच्या नळीत बोळा घालणार कुठून?

त्यामुळे आत उरतो तो फ्लक्सचा आम्लधर्मी, क्लोराइडनं भरलेला चिकटा. सोबत सोल्डरचे बारीक मणी आणि जोडणीच्या भोकांना आटे पाडताना निघालेला धातूचा कीस. कानाशी खुळखुळतात ते हेच मणी. आवाज आला नाही म्हणजे आतून स्वच्छ असं मात्र समजू नये, कारण चिकटा वाजत नाही.

मोटारीचा रेडिएटर बदलताना कुणी एवढा जीव टाकत नाही. तिथले मार्ग ऐसपैस असतात, कण आला तरी निघून जातो. संगणकात ते जमत नाही आणि त्याची मुळं एका जुन्या प्रयोगात आहेत. १९८१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड टकरमन आणि फेबियन पीझ यांनी सिलिकॉनच्या तुकड्यात ५० मायक्रॉन रुंदीच्या, म्हणजे केसाहूनही अरुंद, चरांमधून पाणी खेळवलं. दर चौरस सेंटिमीटरमागे ७९० वॉट उष्णता त्यांनी बाहेर काढून दाखवली. तापमान वाढलं ७१ अंशांनी. अरुंद चरात पाणी धातूच्या भिंतीला अगदी लगटून वाहतं, हे त्यामागचं इंगित. आज प्रोसेसरवर बसणाऱ्या तांब्याच्या वॉटर ब्लॉकमध्ये त्याच कल्पनेचे चर कोरलेले असतात, रुंदी साधारण मिलिमीटरचा एक-दोन दशांश. अशा चरांपुढे सोल्डरचा मणी आला तर ब्लॉकची गाळणी होते.

पाण्याच्या बाजूनं पाहिलं तर काम सोपं आहे. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ३०० वॉटची उष्णता शोषूनही ब्लॉकमधून बाहेर पडताना ते जेमतेम एक अंशानं तापलेलं असतं. खरी अडचण चिपची उष्णता पाण्यापर्यंत पोचवण्याची, आणि ते काम चरांचं. काही चर बुजले की पाण्याचं तापमान पूर्वीसारखंच राहतं, फक्त चिप तापू लागते. मालक बिचारा चिप आणि ब्लॉक यांच्यामधल्या थर्मल पेस्टला दोष देतो, ती पुसून नवी लावतो, आणि दुखणं तसंच राहतं.

‘पंप फिरेल, घाण आपोआप निघेल’ हाही भाबडेपणाच. टाकीत आलेलं पाणी एकाच वेळी अनेक समांतर नळ्यांत वाटलं जातं, त्यामुळे प्रत्येक नळीत त्याची चाल मंदावते. कण तिथे बसून राहतात आणि कधीतरी महिन्यांनी सुटतात. शिवाय हे बंद चक्र आहे, त्याला सांडपाण्याची वाट नाही. आत शिरलेलं काहीही फिरत फिरत सगळ्यात अरुंद जागा गाठणार.

म्हणून धुवायचं ते हलवून. रेडिएटर काठोकाठ भरला तर आत पाणी आदळतच नाही. अर्धा ते पाऊण भरावा, भोकं बंद करावीत आणि जोरजोरात हिंदकळावा. पाणी गरम हवं, पण उकळतं नको, कारण बंद भांड्यात दाब वाढतो. या फ्लक्समधली क्लोराइडं पाण्यात विरघळणारी असल्यामुळे गरम पाण्यानं निम्म्याहून अधिक काम होतं. निघालेलं पाणी कॉफीच्या फिल्टर कागदातून किंवा पांढऱ्या कापडातून गाळलं की काळसर भुकटी आणि चमकणारे मणी दिसतात. ते दिसेनासे होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करायचं. सुरुवातीला नळाचं पाणी चालतं, शेवटच्या फेऱ्या मात्र डिस्टिल्ड वॉटरच्याच.

आम्लाबद्दल हौशी मंडळींत दोन तट आहेत. काही कंपन्या फॉस्फोरिक आम्लाची तयार द्रावणं विकतात, तर घरगुती उपाय म्हणून पातळ केलेलं व्हिनेगर वापरलं जातं. ऑक्साइडचा काळपटपणा त्यानं जातो, हे खरं. पण व्हिनेगर भरून रेडिएटर रात्रभर ठेवून देणं मला उतावीळपणाच वाटतो. नको असलेला थर संपला म्हणून आम्ल थांबत नाही. ते पितळेतलं जस्त ओढून काढतं आणि सोल्डरमध्ये शिसं असेल तर त्याचं लेड ॲसिटेट होतं, जे विषारी आहे. वापरायचंच तर दहा-पंधरा मिनिटं, हातमोजे घालून, आणि स्वयंपाकाची भांडी दूर ठेवून. नंतर उरलेलं आम्ल मारायला खायचा सोडा घालतात, तेव्हा भोक बंद करण्याची चूक करू नये. कार्बन डायऑक्साइडचा फेस असा उसळतो की बूच उडतं.

आता पुरेसं धुतलं हे ओळखायचं कसं? पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रामुळे टीडीएस मीटर आता अनेक घरांत असतो, तो इथे फार कामाचा. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. डिस्टिल्ड वॉटर भरताना आकडा एक-दोन असेल आणि काही तास रेडिएटरमध्ये ठेवून काढल्यावर तीस-चाळीस झाला, तर फ्लक्स किंवा सोडा अजून आत आहे. मण्यांची खबर मात्र त्याला लागत नाही, त्यासाठी कापडच हवं.

हे सगळं तांब्या-पितळेच्या रेडिएटरपुरतं. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला ना सोडा लावावा ना आम्ल, दोन्ही त्याला खातात. आणि तांब्याच्या ब्लॉकसोबत तो एकाच पाण्यात जोडला, की क्षारयुक्त पाणी दोन धातूंमध्ये विद्युतघट तयार करतं आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. कारखान्यातून बंद होऊन येणाऱ्या संचांत ही जोडी सर्रास असते, पण तिथे गंजरोधक रसायनं मोजून घातलेली असतात.

पुण्याच्या आयसर संस्थेतल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही चिपची उष्णता थेट पाण्याकडे सोपवलेली आहे. पाण्यावर चालणाऱ्या अशा मोठ्या यंत्रणांमध्ये संगणक जोडण्याआधी नळांचं जाळं वेगळं धुऊन घेतात आणि पुढेही पाणी बारीक गाळणीतून फिरवत राहतात. घरच्या संचात सहसा अशी गाळणी नसते. बसवता येते, पण ती पंपाचा जोर खाते आणि वेळोवेळी साफ करावी लागते. मोरीतला तासाभराचा उद्योग त्यापेक्षा परवडतो.

धुतलेला रेडिएटर लगेच जोडायचा नसेल तर तो उलटसुलट करून पाणी पूर्ण निथळू द्यावं आणि कोरडा झाल्यावरच बुचं लावावीत.