लेखकांसाठी झेंडा चढवणारा देश

हेलसिंकी, ऑक्टोबर

१० ऑक्टोबरच्या सकाळी फिनलंडमधल्या सरकारी कचेऱ्यांवर, शाळांवर आणि राहत्या इमारतींच्या अंगणातल्या उंच खांबांवर निळ्या क्रुसाचा पांढरा झेंडा चढतो. हा आलेक्सिस किवी या कादंबरीकाराचा जन्मदिवस, आणि तोच इथला साहित्यदिनही. असा झेंडा इथे वर्षातून बऱ्याचदा लेखकांसाठी चढतो. ९ एप्रिलला फिनिश लिपीबद्ध करणाऱ्या मिकाएल आग्रिकोलासाठी, २८ फेब्रुवारीला ‘कालेवाला’ या महाकाव्यासाठी, १९ मार्चला मिन्ना कांथ या लेखिकेसाठी आणि अलीकडे ९ ऑगस्टला मुमिन या लाडक्या पात्रांना जन्म देणाऱ्या तोवे यान्सनसाठी. सेनापतींच्या आणि राजांच्या तारखा इथल्या दिनदर्शिकेत फारशा सापडत नाहीत. असं का, हे समजलं की इथल्या शाळा आणि वाचनालयं जे करतात त्याचं मूळ हाती लागतं.

फिनलंड सहाशेहून अधिक वर्षं स्वीडनच्या ताब्यात होता आणि १८०९ पासून रशियाच्या झारच्या. स्वतंत्र झाला तो ६ डिसेंबर १९१७ ला. यातल्या बऱ्याच काळात कारभाराची, न्यायालयाची आणि उच्चशिक्षणाची भाषा मुख्यतः स्वीडिश होती. फिनिश ही शेतातली, घरातली आणि सौनामधली भाषा. आग्रिकोलाने १५४३ च्या सुमारास तिची पहिली अक्षरपुस्तिका छापली, तरी पुढची तीनेकशे वर्षं फिनिशमध्ये छापलं गेलं ते बहुतांशी धर्मापुरतंच. १८३५ मध्ये एलियास ल्योनरोत या डॉक्टरने खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या लोकगीतांमधून ‘कालेवाला’ सिद्ध केलं. आपल्याकडेही महाकाव्य आहे, आपणही कुणीतरी आहोत, ही जाणीव या लोकांना राज्य मिळण्याच्या ऐंशी वर्षं आधी एका पुस्तकाने दिली. १८६३ मध्ये झारने फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीने आणण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी युवॅस्क्युला गावात फिनिश माध्यमाचं शिक्षक प्रशिक्षण विद्यालय सुरू झालं. आधी पुस्तक, मग शाळा आणि शेवटी राष्ट्र, असा हा क्रम आहे.

वाचनाचा सक्तीचा धडा मात्र त्याहून जुना. १६८६ च्या चर्च कायद्यानुसार ज्याला धर्मपुस्तिका वाचता येत नाही त्याला प्रभुभोजनाचा संस्कार मिळत नसे, आणि तो नसेल तर लग्नही लागत नसे. गावोगावी पाद्री येऊन घरातल्या सगळ्यांची वाचनपरीक्षा घेत. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात इथल्या साध्या शेतकऱ्यालाही वाचता येई, लिहिता येणारे मात्र थोडेच होते. या सक्तीत भीती होती आणि लाजही होती. किवीने नेमकं तेच आपल्या ‘सात भाऊ’ या १८७० च्या कादंबरीत आणलं. तिचे नायक रानात वाढलेले सात दांडगे भाऊ. चर्चच्या सेवकाच्या घरी अक्षरं गिरवण्याचा अपमान त्यांना सोसवत नाही आणि ते खिडकी फोडून जंगलात पळतात. पुढे किती तरी वर्षांनी, स्वतःहून, ते वाचायला शिकतात. सगळ्यात धाकटा एरो आधी शिकतो आणि मग थोरल्यांना शिकवतो. कादंबरीवर तेव्हाचे वजनदार समीक्षक आउगुस्त आल्कविस्त तुटून पडले. किवी १८७२ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, हलाखीत गेला. आज त्याच कादंबरीला हा देश आपला आरसा मानतो. धाक दाखवून अक्षरं शिकवली की मूल खिडकी शोधतं, आणि आपल्यातलंच कुणी शेजारी बसलं की तेच मूल वाचायला लागतं. या कादंबरीतून मी तरी हेच घेतो आणि इथल्या शिक्षणाची उत्तम बाजू मला याच जाणिवेवर उभी दिसते.

इथे मूल सातव्या वर्षी पहिलीत जातं. त्याआधी एक वर्ष पूर्वतयारीचं. पण पुस्तक त्याच्या घरी त्याच्या बारशाच्या सुमारासच पोचलेलं असतं. २०१९ पासून बाळंतिणी आणि बाळांच्या सरकारी दवाखान्यातून प्रत्येक नवजात बाळाच्या घरी पुस्तकांची पिशवी देण्याचा उपक्रम सुरू आहे. वजन, लस, दूध यांच्याबरोबर ‘बाळाला रोज वाचून दाखवा’ हेही तिथली परिचारिका सांगते. एस्पो शहरातल्या ‘इसो ओमेना’ या मोठ्या बाजारसंकुलात तर वाचनालय आणि हा दवाखाना एकाच मजल्यावर जवळजवळ आहेत. बाळाला तपासून घ्यायला आलेली आई परत जाताना पुस्तकं घेऊन जाऊ शकते. त्यासाठी तिला वर्गणी भरावी लागत नाही की अनामत. सार्वजनिक वाचनालयाचा पहिला कायदा इथे १९२८ चा. आत्ताचा, १ जानेवारी २०१७ पासून लागू असलेला कायदा सांगतो की वाचनालयात येणं, बसणं आणि पुस्तक घरी नेणं विनामूल्य असेल. सर्वांना शिक्षण आणि संस्कृती मिळावी, वाचनाची गोडी लागावी, लोकशाही आणि मतस्वातंत्र्य जोपासलं जावं, ही उद्दिष्टं त्यात नमूद आहेत.

हेलसिंकीचं ‘ओदी’ मध्यवर्ती वाचनालय ५ डिसेंबर २०१८ ला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, उघडलं. स्वातंत्र्याच्या शताब्दीची ती भेट. ते बांधलं संसदेच्या थेट समोर, मधे फक्त एक मोकळं मैदान. वरच्या मजल्यावर सुमारे एक लाख पुस्तकं, मधल्या मजल्यावर शिवणयंत्रं, संगीताच्या खोल्या, त्रिमितीय छपाईची यंत्रं. जगभरचे पाहुणे इमारत बघायला येतात. मला मात्र या देशाची वाचनसंस्कृती त्याहून साध्या ठिकाणी जास्त दिसते: शेवटच्या गावापर्यंत जाणाऱ्या पुस्तकगाडीत, आणि शाळेच्या वर्गात पिशवीभर पुस्तकं घेऊन आलेल्या ग्रंथपालबाईंमध्ये. त्या प्रत्येक पुस्तकाबद्दल दोन-तीन मिनिटं बोलतात, गोष्ट ऐन रंगात आली की थांबतात आणि पुस्तक टेबलावर ठेवून देतात. तास संपल्यावर त्या टेबलाभोवती मुलांची झुंबड उडते.

ज्यांना वाचन जड जातं त्यांच्यासाठी इथे बरीच दारं उघडी ठेवली आहेत. काही शाळांमध्ये निवृत्त माणसं ठरलेल्या दिवशी येतात. मुलं त्यांना वाचनआज्या आणि वाचनआजोबा म्हणतात. एक आजी, एक मूल आणि एक पुस्तक, वर्गाच्या बाहेर, कॉरिडॉरमधल्या बाकावर. आजी परीक्षा घेत नाहीत, चुका मोजत नाहीत, ऐकतात. काही वाचनालयांत हेच काम शिकवलेले कुत्रे करतात. अडखळणारं मूल कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून मोठ्याने वाचतं, कारण तिथे हसणारं कुणी नसतं. डिस्लेक्सिया असलेल्या किंवा दृष्टी अधू असलेल्या मुलांसाठी ‘सेलिया’ ही सरकारी संस्था आहे. १८९० मध्ये अंधांसाठी पुस्तकं तयार करणाऱ्या मंडळातून ती उभी राहिली. तिची बोलकी पुस्तकं शाळेतून किंवा जवळच्या वाचनालयातून नाव नोंदवून फुकट ऐकता येतात. शिवाय सोप्या भाषेतल्या पुस्तकांची वेगळी परंपरा आहे: छोटी वाक्यं, ओळखीचे शब्द, मोकळी मांडणी, पण विषय मोठ्यांचे. चाळीस वर्षांच्या नवख्या माणसाला सशाची गोष्ट वाचावी लागत नाही. त्याला त्याच्या वयाची कादंबरी मिळते. वाचणाऱ्याचा मान राखणं हा या साऱ्यामागचा विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो.

तरीही आज इथे काळजीचं वातावरण आहे आणि ते लपवण्याचा कुणी प्रयत्न करत नाही. २००० मध्ये ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत १५ वर्षांच्या मुलांच्या वाचनात फिनलंड ५४६ गुणांसह जगात पहिला होता. २०२२ मध्ये ते गुण ४९० वर आले. सरासरीच्या वर, पण घसरण मोठी. तेव्हा शंभरातली सुमारे सात मुलं नीट अर्थ लावून वाचू शकत नव्हती, आता पाचातलं एक मूल तसं आहे. मुलगे मुलींच्या बरेच मागे आहेत आणि बाहेरच्या देशांतून आलेल्या कुटुंबांची मुलं त्याहूनही मागे. कारणांवर वाद आहेत. स्क्रीन, खर्चकपात, घरात कमी झालेलं वाचन, सगळ्यांकडेच बोट दाखवलं जातं. रिहिमॅकी या गावाने बरीच वर्षं लॅपटॉपवर शिकवल्यानंतर २०२४ मध्ये कागदी पाठ्यपुस्तकं परत आणली. १ ऑगस्ट २०२५ पासून वर्गात मोबाइल वापरण्यावर कायद्यानेच निर्बंध आले. हे उपाय योग्य दिशेचे आहेत, पण पुरे नाहीत. फोन काढून घेतल्याने हात रिकामे होतात. त्या हातात काय द्यायचं आणि कुणी द्यायचं, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न आपल्या मराठी घरांशी येऊन भिडतो. एस्पोत जवळपास एक चतुर्थांश रहिवाशांची मातृभाषा फिनिश किंवा स्वीडिश नाही. पुण्या-मुंबईहून संगणकाच्या नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबं त्यांतच आहेत. नव्या मुलाला आधी साधारण वर्षभर तयारीच्या वर्गात फिनिश शिकवतात आणि मग नेहमीच्या वर्गात दुसरी भाषा म्हणून फिनिशचा वेगळा अभ्यासक्रम असतो. त्याचबरोबर, घरची भाषा शिकण्यासाठी नगरपालिका आठवड्याला दोन तासांपर्यंतचे वर्ग घेऊ शकते आणि सरकार त्यासाठी अनुदान देतं. सक्ती नाही. चारेक मुलं जमली आणि शिक्षक मिळाला की गट उभा राहू शकतो. मोठ्या भाषांना ते सोपं जातं. मराठीसारख्या भाषेसाठी पालकांनीच एकमेकांना शोधावं लागतं, शाळेला अर्ज करावे लागतात, पाठपुरावा करावा लागतो.

पुष्कळ आईबाप इथे दमतात आणि ठरवतात, आधी फिनिश होऊ दे, मराठीचं मग पाहू. मी त्यांना कळकळीने सांगत असतो की असं करू नका. इथले शिक्षकही तेच सांगतात. घरच्या भाषेत ज्या मुलाने गोष्टी ऐकल्या, प्रश्न विचारले, पुढे काय होईल याचा अंदाज बांधला, त्याच्यापाशी वाचनाची समज आधीच तयार असते. दुसऱ्या भाषेत ती सोबत येते, फक्त शब्द नवे शिकावे लागतात. ‘राधाचं घर’मधल्या गोष्टी ऐकत वाढलेली मुलगी फिनिश चित्रपुस्तकाकडे पाहते तेव्हा गोष्ट कशी चालते हे तिला ठाऊक असतं. एक आई मला म्हणाली, “वर्गात ती गप्प असते. पण रात्री फास्टर फेणे वाचताना तिचे प्रश्न संपत नाहीत.” त्या मुलीला गप्प समजणं सोपं आहे. ती वाचक आहे, हे शाळेला कळवणं हे आपलं काम. आणि त्यासाठी लाजायचं कारण नाही. या देशाची सर्वांत लाडकी मुमिन पुस्तकं तोवे यान्सनने लिहिली ती स्वीडिशमध्ये, म्हणजे इथल्या जेमतेम पाच टक्के लोकांच्या मातृभाषेत. फिनिश मुलं ती अनुवादातून वाचतात आणि आपलीच मानतात. एकाहून अधिक भाषांत वाचूनही माणूस पुरता इथला होऊ शकतो, याचा पुरावा त्यांच्याच घराघरांत आहे.

घरची भाषा जपण्याच्या बाबतीत याच देशाने एकदा अगदी उलट करून पाहिलं आणि त्याची किंमत उत्तरेतल्या सामी लोकांनी मोजली. दुसऱ्या महायुद्धानंतर लांबच्या वाड्यावस्त्यांवरची सामी मुलं वसतिगृहाच्या शाळांत आली. तिथे सगळं फिनिशमध्ये होतं. अनेकांना आपली भाषा बोलण्याचीच लाज वाटू लागली आणि एक अख्खी पिढी स्वतःच्या भाषेत लिहिता-वाचता न येता मोठी झाली. पुढे ती पिढी आपल्या मुलांशी फिनिशच बोलली. जी भाषा स्वतः स्वीडिशच्या छायेतून धडपडत बाहेर आली, तिनेच दुसऱ्या भाषांवर छाया धरली. आज दुरुस्ती चालू आहे. १९९७ मध्ये इनारी गावात इनारी सामी भाषेचं ‘भाषाघरटं’ सुरू झालं. तिथे लहान मुलांशी दिवसभर फक्त त्याच भाषेत बोलतात. बोलणारे काहीशेच उरले होते. आता त्या भाषेत शाळेचे वर्ग आहेत आणि मुलांची पुस्तकंही छापली जातात. इनारीतल्या ‘सायोस’ या सामी संस्कृतीकेंद्रात, सामी संसद जिथे भरते त्याच इमारतीत, वाचनालय आहे. आपल्या भाषेत पुस्तक असणं आणि आपलं मत मांडायला सभागृह असणं या दोन गोष्टी त्या समाजाला वेगळ्या वाटत नाहीत.

किवीच्या दिवसानंतर पाचच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. ग्रंथदिंडी निघावी, पुस्तकांचं प्रदर्शन भरावं, हे सगळं चांगलंच आहे. पण फिनलंडकडून घ्यायचं असेल तर इमारतींचा थाट घेऊ नये. तो पैशाने उभा राहतो. घ्यायचं ते मूल आणि पुस्तक यांच्यामध्ये एक माणूस नेमून देण्याचं शहाणपण. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० च्या सुमारास सार्वजनिक वाचनालयांची चळवळ उभारली आणि खेड्यापाड्यांत ग्रंथपेट्या पाठवल्या, तेव्हा हेच ध्यानात घेतलं होतं. आज आपल्या प्रत्येक गावात निवृत्त शिक्षक आहेत, अक्षरओळख असलेल्या आज्या आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवड्यातून एक तास त्यांच्यापैकी कुणी एकेका अडखळणाऱ्या मुलाशेजारी बसावं आणि निव्वळ ऐकावं. आदिवासी पाड्यांवर ते पुस्तक आधी गोंडी, कोरकू किंवा भिली भाषेत असावं आणि मग मराठीत. याला नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. मुख्याध्यापकांनी ठरवलं आणि गावाने होकार दिला की येत्या सोमवारपासून सुरू करता येईल.