पास एकदाच बनवा: रिफ्लेक्शनपासून डेलिगेटपर्यंत

लष्करातून निवृत्त झाल्यावर मी महूला स्थायिक झालो आणि माजी सैनिकांच्या पेन्शनच्या फरकाचा हिशेब करणारा एक छोटा प्रोग्रॅम सी शार्पमध्ये लिहिला. आजचा विषय त्या प्रोग्रॅममध्ये मी स्वतः केलेल्या चुकांतून आला आहे.

पेन्शनचे नियम बदलत राहतात. म्हणून मी प्रत्येक नियमाची वेगळी मेथड केली आणि कोणत्या काळाला कोणती मेथड लावायची, ते एका तक्त्यात नावाने लिहिलं. प्रोग्रॅम ते नाव वाचतो, रिफ्लेक्शनने मेथड शोधतो आणि मेथडइन्फोचं इन्व्होक वापरून चालवतो.

इन्व्होक हे फाटकावरच्या पहारेकऱ्यासारखं असतं. दूधवाला रोजचा असला, तरी दर वेळी ओळखपत्र बघायचं, वहीत नोंद करायची. इन्व्होकही प्रत्येक कॉलला आर्ग्युमेंट्स किती आणि कोणत्या टाइपची, हे तपासतं. दूधवाल्याला पक्का पास दिला, की यातली बरीचशी तपासणी पास बनवतानाच उरकते. डेलिगेट म्हणजे तो पास, आणि एक्स्प्रेशन ट्री म्हणजे पास बनवायची पद्धत.

एक्स्प्रेशन ट्री २००७ साली सी शार्प ३ बरोबर, लिंकच्या निमित्ताने आल्या. यात कोड थेट चालत नाही. आधी त्याचं झाड रचलं जातं. आपलं झाड असं रचायचं:

१. एक्स्प्रेशन.पॅरामीटरने दोन पॅरामीटर घ्या: ज्याच्यावर मेथड चालवायची तो ऑब्जेक्ट आणि आर्ग्युमेंट्सचा ऑब्जेक्ट-अ‍ॅरे.
२. ऑब्जेक्टला एक्स्प्रेशन.कन्व्हर्टने मूळ क्लासचा टाइप द्या. अ‍ॅरेतला एकेक घटक काढून त्यालाही मेथडला हवा तो टाइप द्या.
३. एक्स्प्रेशन.कॉलला मेथडइन्फो आणि हे सगळं द्या. मेथड स्टॅटिक असेल, तर ऑब्जेक्टच्या जागी नल.
४. उत्तर पुन्हा ऑब्जेक्टमध्ये बदला. मेथड व्हॉइड असेल, तर ब्लॉक करून शेवटी नल ठेवा.
५. याचा लॅम्डा करा आणि कंपाइल म्हणा. हातात तयार डेलिगेट येतं.

हे शिकल्याच्या उत्साहात मी ते लगेच वापरलं. दुसऱ्या दिवशी एक वीरनारी ताई आपल्या फरकाचा कागद न्यायला आल्या. एरवी दोन-तीन सेकंदांत होणारी यादी काही मिनिटं झाली तरी संपेना. ताईंनी विचारलं, "साहेब, बसू का उद्या येऊ?" वेग वाढवायला गेलो आणि प्रोग्रॅम रांगायला लागला!

चूक साधी होती. कंपाइल मी लूपच्या आत लिहिलं होतं. ३०० माणसं, प्रत्येकाचे १२० महिने, दर महिन्याला ८ नियम, म्हणजे २,८८,००० वेळा नवा पास बनत होता. कंपाइल महाग असतं. एका इन्व्होकपेक्षा कितीतरी पट. ते परवडतं तेव्हाच, जेव्हा तेच डेलिगेट हजारो वेळा वापरलं जातं.

उपाय म्हणजे एक स्टॅटिक कॉन्करंटडिक्शनरी. किल्ली मेथडइन्फो, किंमत डेलिगेट. असेल तर घ्या, नसेल तर बनवून ठेवा. किल्ली म्हणून नुसतं नाव वापरू नका. ओव्हरलोड असतील, तर एका नावाच्या दोन मेथड असतात आणि भलताच नियम लागू शकतो.

यादी आता वेगाने सुरू झाली, पण मध्येच थांबली. ही दुसरी चूक. इन्व्होकमध्ये मेथडचा एक्सेप्शन टार्गेटइन्व्होकेशनएक्सेप्शनमध्ये गुंडाळून येतो. माझा कॅच त्यालाच पकडायचा, नोंद करायचा आणि पुढच्या माणसाकडे जायचा. डेलिगेटमध्ये मूळ एक्सेप्शन थेट येतो. एका चुकीच्या तारखेने सगळी यादी अडली, आणि ताईंचं नाव त्या नोंदीच्या खाली होतं. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं. म्हणून इन्व्होक काढताना कॅचही तपासा.

शेवटी तीन गोष्टी. मेथडची सिग्नेचर आधीच माहीत असेल, तर झाड कशाला? क्रिएटडेलिगेट पुरतं, आणि ऑब्जेक्ट-अ‍ॅरेमुळे होणारं बॉक्सिंगही वाचतं. नेटिव्ह एओटीमध्ये कंपाइल खरा मशीन कोड बनवत नाही, झाड इंटरप्रीट होतं. तिथे हा फायदा मिळत नाही. आणि २०२२ च्या डॉट नेट ७ पासून इन्व्होकच बरंच वेगवान झालं आहे, म्हणून आधी स्टॉपवॉच लावून मोजा. मी मोजलं असतं, तर कळलं असतं की माझ्या यादीला इन्व्होक पुरेसं होतं.

टेहळणी न करता मोहीम काढू नये, हे आयुष्यभर जवानांना शिकवलं. स्वतःच्या प्रोग्रॅमपुढे मात्र विसरलो. तुम्ही विसरू नका. जय हिंद!