एक मॉप कमी आहे : ओटी सिस्टरची नोकरी, गावातली आणि परगावची

आज बोलायला आम्ही दोघी उभ्या आहोत. एकाच बॅचच्या, आणि दोघींनी वर्षं काढली ती ऑपरेशन थिएटरातच. एक इथेच राहिली, दुसरी आधी कॉलवर फिरली आणि मग इंग्लंडला जाऊन आली. अनुभव वेगळे असले तरी निष्कर्ष एकच निघाला, म्हणून 'आम्ही' असंच बोलू.

नर्सिंगच्या मुली भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सिस्टर, ओटी घेतली तर बाहेर जायला सोपं पडतं का?" पालकही तेच विचारतात, फक्त थोडं आडून. त्याचं उत्तर देऊच, पण आधी एका रात्रीची गोष्ट सांगतो.

छोटं नर्सिंग होम. रात्री नऊची केस, गर्भाशय काढायची. आमच्यापैकी एक तिथे कॉलवर स्क्रब होती. फ्लोअरला दुसरी सिस्टर नव्हती, एक मावशी होत्या. सुरुवातीला मॉप मोजले, दहा. पोट शिवायला घ्यायच्या आधी पुन्हा मोजले, नऊ. "सर, एक मॉप कमी आहे." सर म्हणाले, "नीट मोजा." पुन्हा नऊच. भूलतज्ज्ञांनी घड्याळाकडे पाहिलं. सर म्हणाले, "मी आत बघितलंय, काही नाहीये. सुई द्या."

तिने सुई दिली नाही. नीडल होल्डर ट्रॉलीवरच राहिला. मग सरांनी पुन्हा आत हात घालून पाहिलं, मावशींनी बादली उलटी केली, कपड्यांचं गाठोडं सोडलं. वीस मिनिटं गेली. दहावा मॉप सापडला बादलीतच. रक्ताने भिजून दुसऱ्या मॉपला असा चिकटला होता की दोन्ही मिळून एकच वाटत होते. पोटात काहीच नव्हतं. सर एक शब्द बोलले नाहीत. पोट शिवलं, पेशंट चांगली होऊन घरी गेली. आणि त्या डॉक्टरांचा पुढे आम्हाला कधी कॉल आला नाही.

आम्ही वीस मिनिटं उगाच घालवली का? बाहेरच्या माणसाला तसं वाटेल. पण रक्ताने भिजलेला मॉप आतड्यांच्या मागे सरकला की तो मॉप राहत नाही, आतल्या मांसासारखाच दिसायला लागतो. डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून तर मोजायचं. पोटात राहिलेल्या कापसा-कापडाला वैद्यकात एक नावच आहे, गॉसिपिबोमा. त्यातला 'गॉसिपियम' म्हणजे लॅटिनमध्ये कापूस, आणि 'बोमा' म्हणजे, सांगतात, स्वाहिलीत लपायची जागा. कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी पेशंट पोटदुखी घेऊन येते आणि स्कॅनमध्ये गाठ दिसते. चांगल्या मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो तो यासाठीच. पण धागा असून उपयोग तेव्हा, जेव्हा कोणी एक्स-रे काढायला सांगेल. आणि सांगणार कोण? जिची मोजणी जुळली नाही तीच.

ओटी सिस्टरचं काम म्हणजे डॉक्टरांच्या हातात हत्यार देणं, असं लोकांना वाटतं. सिनेमातही तेवढंच दाखवतात. हत्यार देणं सहा महिन्यांत जमतं. सर्जनने हात पुढे केला की आर्टरी हवी की अ‍ॅलिस, हे न सांगता कळायला लागतं. खरी नोकरी त्याच्या आधी आणि नंतर असते. ऑटोक्लेव्हच्या टेपवर रेघा काळ्या झाल्यात का, सक्शन ओढतंय का, कॉटरीची प्लेट कोरड्या मांसल जागेवर लागलीय का, पेशंट तोच आहे ना, बाजू तीच आहे ना. आणि मोजणी. सुरुवातीला, पोकळी बंद करताना, त्वचा शिवताना. दोघींनी मिळून, मोठ्याने, मॉप एकेक सुटा करून.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक पानाची यादी आणली. भूल देण्यापूर्वी, कापण्यापूर्वी आणि पेशंट ओटीबाहेर नेण्यापूर्वी, असे तीन थांबे. त्या कामाचे प्रमुख डॉ. अतुल गवांदे, त्यांच्या वडिलांचं गाव आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत यादी वापरून पाहिली, त्यात एक दिल्लीचंही होतं. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं आणि गंभीर गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. आमच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची ओळ तिसऱ्या थांब्यावर आहे. हत्यारं, मॉप, सुया यांची मोजणी पूर्ण झाली, हे नर्सने सगळ्यांना तोंडाने सांगायचं. नुसती सही करून भागत नाही, बोलावं लागतं. आपल्याकडे ही यादी बऱ्याच ठिकाणी केस संपल्यावर, चहा घेताना भरली जाते. तुमच्याही ओटीत भरत असतील, त्यामुळे हसू नका!

आता ओटीत शिरायचं कसं, ते थोडक्यात. जीएनएम तीन वर्षं किंवा बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. त्यानंतर भारतीय परिचर्या परिषदेचा ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा पदविका कोर्स आहे. तो केला तर उत्तमच, पण आपल्याकडच्या बहुतेक ओटी सिस्टर हातानेच शिकलेल्या आहेत. ओटी टेक्निशियन ही वेगळी वाट. तो कोर्स करून परदेशात नर्स म्हणून नोंदणी होत नाही. हे आधीच सांगतो, कारण प्रवेश घेऊन झाल्यावर कळलेल्या मुली आम्हाला भेटल्या आहेत. सरकारी नोकरीत अधिपरिचारिका म्हणून लागलात तर पुढे परिसेविका, मग अधिसेविकेपर्यंतची शिडी आहे, पण बढतीबरोबर ओटी सुटू शकते. खाजगीत पगाराचं काय, हे तुम्हाला आमच्याहून चांगलं माहीत असेल. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये लहान खाजगी रुग्णालयांतही नर्सला किमान २०,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. आजही सगळीकडे ते मिळत नाहीत. परदेशाचा प्रश्न इतक्या लवकर विचारला जातो त्याचं निम्मं कारण इथेच आहे.

पहिली दोन वर्षं एकाच ठिकाणी काढा, आणि ती जागा अशी शोधा जिथे जनरल, हाडांची, बायकांची अशा सगळ्या केसेस होतात. कार्डियाक, न्यूरो, रोबो नंतर. आधी फ्लोअर करा, मग स्क्रब. मुलींना उलटं हवं असतं, कारण स्क्रबला मान आहे. पण फ्लोअरवरच्या सिस्टरला सगळी खोली दिसते. आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवा. तारीख, ऑपरेशन, स्क्रब की फ्लोअर. पेशंटचं नाव लिहायचं नाही. पुढे कोणी विचारलं की किती गुडघे केलेत, तर "पुष्कळ" हे उत्तर चालत नाही.

हेपटायटिस बीच्या तीन लसी पूर्ण करा. सुई टोचली तर लपवू नका. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. एक आठवण जाता जाता. रबरी हातमोजे सर्जरीत रुळले ते एका ओटी नर्समुळे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची सिस्टर होती. जंतुनाशकाने तिचे हात सोलून निघायचे, म्हणून हॉल्स्टेड नावाच्या सर्जनने १८८९च्या सुमारास तिच्यासाठी मोजे करवून घेतले. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं. म्हणजे मोजे आधी आले ते नर्सच्या हातांसाठी.

आता फिरतीचं. फिरती म्हणजे लगेच विमान नव्हे. पहिली फिरती आपल्याच शहरात असते. लहान नर्सिंग होमला पूर्ण वेळची ओटी टीम परवडत नाही, मग सर्जन स्वतःची हत्यारं आणतात आणि सिस्टरही बोलावतात. पैसे केसमागे. दुसरी फिरती शिबिरांची. मुंबईच्या इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशनने रेल्वेच्या मदतीने १९९१ पासून लाइफलाइन एक्सप्रेस चालवली आहे, डब्यातच ऑपरेशन थिएटर. गडचिरोलीत 'सर्च'च्या दवाखान्यात बाहेरचे सर्जन येऊन शिबिरं करतात. अशा ठिकाणी आठवडाभरात जेवढं शिकायला मिळतं तेवढं एरवी महिन्यांतही मिळत नाही.

पण शिबिराची दुसरी बाजूही आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या. सरकारचा नियम एका टीमला दिवसाला ३०चा. नंतर दहाहून जास्त बायका दगावल्या. औषधांत दोष होता की जंतुसंसर्ग, यावर वाद झाला. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. आम्हाला प्रश्न पडतो तो वेगळाच. एकतिसाव्या पेशंटच्या वेळी "थांबा" म्हणायची ताकद त्या खोलीत कोणाकडे होती? बाहेरून आलेल्या सिस्टरकडे तर नक्कीच नसते.

परदेशाच्या गोष्टीतही हेच आहे, फक्त कागद जास्त. आखातात जायचं तर साधारण दोन वर्षांचा अनुभव, कागदपत्रांची पडताळणी आणि संगणकावरची परीक्षा. २०१५ पासून आखातासह अठरा देशांत जाणाऱ्या नर्सेसना सरकारची परवानगी लागते आणि भरती ठरवून दिलेल्या संस्थांमार्फतच होते. एजंटची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याच्या वर नाही. कोणी लाखांत बोलला की उठून या. त्याच वर्षी कुवेतच्या भरतीत केरळच्या मुलींकडून प्रत्येकी लाखो रुपये घेतल्याचं प्रकरण सीबीआयपर्यंत गेलं होतं. ब्रिटनच्या आचारसंहितेत तर भरतीसाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायलाच मनाई आहे.

ब्रिटनला आयईएलटीएसमध्ये ७ आणि लेखनात ६.५, किंवा ओईटीत बी आणि लेखनात सी प्लस लागतं. मग इथे बसून एक परीक्षा आणि तिथे गेल्यावर प्रात्यक्षिक, ज्याला ओस्की म्हणतात. ओटीच्या मुली अडकतात ती इथे. ओस्की ओटीची नसते, वॉर्डातल्या सर्वसाधारण नर्सिंगची असते. पेशंटशी बोलणं, औषध देणं, काळजीचा आराखडा लिहिणं. पाच वर्षं झोपवलेल्याच पेशंटला भेटलेली सिस्टर जागा पेशंट समोर आला की गडबडते. आमचंही तेच झालं. म्हणून सांगतो, अधूनमधून वॉर्डात ड्युटी मागून घ्या. आणि २०२४ पासून तिथली परदेशी भरती बरीच थंडावली आहे, हेही मनात धरा.

अमेरिकेच्या रील तुम्ही पाहिल्याच असतील. तेरा आठवड्यांचं काँट्रॅक्ट, मग दुसरं शहर, राहण्याचा भत्ता वेगळा. खरं आहे ते. चाळीसहून जास्त राज्यांनी एकमेकांचे परवाने मान्य केले आहेत म्हणून ते जमतं. पण ती सोय तिथे काम करायचा हक्क असलेल्यांची. भारतातून जायचं तर एनक्लेक्स पास व्हायचं आणि ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहायचं, आणि भारतीयांची ती रांग दहा वर्षांहून मागे आहे. एनक्लेक्स वाया जात नाही, जरूर द्या. पण तेरा आठवड्यांच्या हिशेबावर कर्ज काढू नका.

नव्या ओटीत गेल्यावर काय होतं? हात विसरतात. इथे कॉटरी म्हणतो तिला ब्रिटनमध्ये डायथर्मी म्हणतात, अमेरिकेत बोव्ही. अ‍ॅड्रिनालिनची एपिनेफ्रिन होते. आपला मॉप तिथे स्वॉब होतो, पाचाच्या गड्डीत, लाल दोऱ्याने बांधलेला. तो दोरासुद्धा टाकायचा नाही, मोजायचा असतो. पहिल्या आठवड्यात एक साधी कात्री शोधायला वेळ लागला आणि फार लाज वाटली. पण मोजणी सुरू झाली तेव्हा मात्र सगळं ओळखीचं होतं. भिंतीवर पांढरा फळा, दोघी समोरासमोर, मोठ्याने आकडे. एकदा दोरे जुळले नाहीत. आम्ही सवयीने आवाज हळू केला. कन्सल्टंटने हात वर धरले आणि मोजणी जुळेपर्यंत तो नुसता उभा राहिला. कोणी घड्याळ पाहिलं नाही. तिथे सगळं छान आहे असं नाही, तिथेही मॉप पोटात राहतात. फरक एवढाच होता, की आमचा पुढचा महिन्याचा पगार त्या कन्सल्टंटच्या मर्जीवर नव्हता.

तेव्हा कुठेही जा, शेजारच्या नर्सिंग होमला किंवा मस्कतला, हो म्हणण्याआधी काही गोष्टी विचारा. फ्लोअरला नोंदणी झालेली सिस्टर आहे का? मोजणी कुठे लिहितात? ती जुळली नाही तर रात्री एक्स-रे निघेल का? आणि पगार देणार कोण, रुग्णालय, एजन्सी की सर्जन स्वतः? आम्ही त्या रात्री यातलं काहीच विचारलं नव्हतं. हल्ली विचारतो. त्यामुळे दोन-तीन कॉल कमी झाले.

वहीचा नमुना बाहेरच्या टेबलावर ठेवलाय, त्याचा फोटो काढून घ्या. आता तुमचे प्रश्न घेऊ.